पाहणाऱ्याची साक्ष



दर रविवारी मिस्साच्या आरंभी आपण आपल्या पापांची कबुली देतो. विचारांनी, शब्दांनी आणि कृतींनी झालेल्या पापांबरोबर आपण आणखी एक गोष्ट कबूल करतो. जे करायला हवे होते, पण आपण केले नाही, तेही पापच होय. या शेवटच्या कबुलीपाशी आपण सहसा थांबत नाही. चोरी केली, खोटे बोललो, कोणाचे मन दुखावले हे आठवते. न केलेल्या गोष्टीला मात्र ना दिवस असतो, ना ठिकाण. म्हणून ती आठवतही नाही.

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात अशा न केलेल्या पापाचे एक ठोस उदाहरण दिले आहे (लेवीय ५:१). एखाद्याने काही पाहिले आहे, किंवा त्याला ते ठाऊक आहे. साक्ष देण्यासाठी सर्वांना जाहीर हाक दिली गेली आहे. तरीही तो गप्प राहिला, तर तो दोषी ठरतो. त्याने स्वतः गुन्हा केलेला नाही, गुन्ह्यातून त्याला लाभही झालेला नाही. पण त्याने पाहिले होते, एवढ्यावरून नियमशास्त्र त्याला जबाबदार धरते.

हा नियम लिहिला गेला तेव्हा माणसाची नजर फार तर गावच्या वेशीपर्यंत पोहोचत होती. आज हजारो मैलांवरचे रान घरबसल्या पाहता येते. मग असा प्रश्न पडतो की, जे आपल्या गावात नाही, आपल्या देशातही नाही, ते पाहू शकणारा माणूस त्याचा साक्षीदार होतो का? आणि होत असेल, तर त्याच्यावर कोणते कर्तव्य येते?

हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. ऑस्ट्रेलियात काही पर्यावरण संस्थांनी साध्या नागरिकांना उपग्रहाची छायाचित्रे वाचायला शिकवले आहे. त्यांत नोकरी करणारे आहेत, निवृत्त झालेले आहेत, विद्यार्थी आहेत. ते या कामाचे पैसे घेत नाहीत. नकाशावर चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही चौकोन येतात. एका बाजूला काही महिन्यांपूर्वीचे चित्र, दुसऱ्या बाजूला नवे चित्र. जिथे पूर्वी गर्द रान होते तिथे आता सरळ रेषेत कापलेला उघडा पट्टा दिसला, तर ते तेथे खूण करतात. पुढे जाणकार मंडळी ती खूण तपासतात आणि संशयाला जागा असेल तर सरकारकडे तक्रार जाते.

हे शक्य झाले ते चित्रे सर्वांना खुली झाल्यामुळे. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह अमेरिकेने १९७२ साली सोडला, पण त्याच्या चित्रांचा साठा सर्वांसाठी विनामूल्य झाला तो २००८ साली. युरोपने २०१५ आणि २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-२ या जोडीने पृथ्वीच्या जमिनीची छायाचित्रे सुमारे दर पाच दिवसांनी मिळू लागली. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढा जमिनीचा तुकडा त्यांत एका ठिपक्याइतका दिसतो. एकटे झाड त्यात ओळखू येत नाही, पण दोन-चार एकर रान नाहीसे झाले तर ते लपत नाही. हिरवी पाने आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतात. उपग्रहाला ते टिपता येतात. त्यामुळे जिवंत रान कोणते आणि उघडी माती कोणती, हे चित्रात वेगळे काढता येते.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात हे काम विशेष महत्त्वाचे आहे. तेथील सरकारच्याच उपग्रह-पाहणीनुसार २०१८-१९ या एका वर्षात सुमारे ६ लाख ८० हजार हेक्टरवरचा झाडोरा हटवला गेला. त्यात पूर्वी तोडून पुन्हा वाढलेले रानही होते. बहुतेक तोड गुरांच्या चराईसाठी होती. त्या राज्यातील निलगिरीच्या रानांत कोआला राहतो. निलगिरीच्या पानांवाचून तो जगू शकत नाही. झाडे गेली की तो जमिनीवर उतरून नवे झाड शोधत फिरतो आणि रस्त्यावर मोटारींखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी सापडतो. २०२२ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशातील कोआलाला संकटग्रस्त प्राणी म्हणून जाहीर केले.

आता आपल्यातील कोणी म्हणेल, कोआला ऑस्ट्रेलियातला, शेत कोणा शेतकऱ्याचे, कायदा त्यांच्या देशाचा. परक्याच्या अंगणात डोकावणारे हे लोक कोण? या आक्षेपाला सहज बाजूला सारता येणार नाही. म्हणून त्याचा नीट विचार करू या.

आपल्या ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार मानले आहेत. एक, जे आपल्याला टाळता येणे शक्यच नव्हते. त्याबद्दल माणूस दोषी नसतो. दुसरे, जे थोडी खटपट केली असती तर टाळता आले असते. सत्य शोधण्याची फिकीरच न करणाऱ्या माणसाचे अज्ञान त्याचा दोष पुसत नाही, असे आपला धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. लाजरस आणि श्रीमंत मनुष्य यांचा दाखला आठवा (लूक १६:१९-३१). श्रीमंताने लाजरसला मारले नाही, हाकलले नाही. लाजरस त्याच्या दारातच पडून होता आणि त्याने त्याच्याकडे पाहिले नाही, एवढेच. दार उघडताच जे दिसले असते ते त्याला माहीत नव्हते, ही सबब तेथे चालली नाही.

उपग्रहाने नेमके हेच केले आहे. दूरची कितीतरी दुःखे त्याने आपल्या दारात आणून ठेवली आहेत. कालपर्यंत ज्याला टाळता न येणारे अज्ञान म्हणत होतो, ते आज टाळता येण्याजोगे झाले आहे.

पण मग प्रत्येकाने सगळ्या पृथ्वीचा भार डोक्यावर घ्यायचा का? तसे झाले तर माणूस वेडा होईल, किंवा थकून डोळे मिटून घेईल. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते, हेही नीतिशास्त्राचे जुने तत्त्व आहे. या ठिकाणी त्या स्वयंसेवकांची कामाची रीत आपल्याला काही शिकवते. त्यांच्यातील कोणालाही सगळा खंड दिला जात नाही. प्रत्येकाला काही चौकोन दिले जातात. आपला चौकोन नीट पाहणे, एवढेच त्याचे काम. शेजारचा चौकोन दुसऱ्या कोणाचा तरी असतो. परमेश्वरानेही आदामाला एका बागेत ठेवले, तिची मशागत व राखण करायला सांगितले (उत्पत्ती २:१५). कर्तव्याला हद्द असते, म्हणूनच ते पार पाडता येते.

प्राण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लौदातो सी’ या विश्वपत्रात याचे उत्तर दिले आहे. प्रत्येक जीवजाती आपल्या असण्यानेच देवाचा गौरव करते. आपल्यामुळे एखादी जाती कायमची नाहीशी झाली, तर देवाच्या स्तुतीतला एक आवाज कायमचा बंद होतो, आणि तो बंद करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले (लूक १२:६). ज्यांना देव विसरत नाही त्यांना आपण मोजणीतून वगळावे, हे बरे नव्हे.

तर पाहणारा साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराने गप्प बसू नये. पण साक्षीदाराचे कर्तव्य एवढ्यावर संपत नाही. दहा आज्ञांतील आठवी आज्ञा त्याच्यासाठीच आहे. त्याने खोटी साक्ष देऊ नये.

दानीएलच्या पुस्तकातील सुसान्नेची कथा आपण प्रायश्चित्तकाळात ऐकतो (दानीएल १३). दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी बागेत आपण तिचे पाप डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष दिली आणि लोकांनी ती खरी मानली. तरुण दानीएलने दोघांना वेगवेगळे केले आणि एकच प्रश्न विचारला. कोणत्या झाडाखाली पाहिले? एकाने एका झाडाचे नाव घेतले, दुसऱ्याने दुसऱ्याच. एका झाडाच्या नावावरून निरपराध स्त्रीचा जीव वाचला.

वरून झाडे पाहणाऱ्या प्रत्येकाने ही कथा मनात ठेवायला हवी. चित्रात हिरव्याचे तांबडे झाले म्हणजे कोणी रान तोडलेच असे नाही. वणवा लागला असेल. दुष्काळाने पाने झडली असतील. ढगाची सावली पडली असेल. रान खरोखर तोडले असेल, तरी ते परवानगी घेऊन तोडलेले असू शकते. म्हणून चांगल्या संस्था एका खुणेवर विसंबून राहत नाहीत. तीच जागा अनेकांना पाहायला देतात, जुनी चित्रे काढून ताडून पाहतात, आणि तक्रारीत संशयाला संशयच म्हणतात. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडूनच गोष्ट शाबीत व्हावी हा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक (अनुवाद १९:१५) असा पाळला जातो. शेतकऱ्याचे नाव चव्हाट्यावर आणून त्याची निर्भर्त्सना करणे हे साक्षीदाराचे काम नव्हे. ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याच्या अब्रूचीही आपल्याला राखण करावी लागते.

आता सर्वांत अवघड प्रश्न. रान तोडणारा स्वतःच गरीब असेल तर?

इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर, रिआऊ प्रांतात, तेस्सो निलो नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते २००४ साली स्थापन झाले आणि २००९ साली वाढवून सुमारे ८३ हजार हेक्टरचे करण्यात आले. सुमात्रातील हत्ती आणि वाघ यांचे ते आश्रयस्थान. त्याच सुमारास तेथील काही संस्थांनी एकत्र येऊन ‘आइज ऑन द फॉरेस्ट’, म्हणजे जंगलावर राखण ठेवणारे डोळे, या नावाने काम सुरू केले. उपग्रहाची चित्रे पाहायची आणि मग प्रत्यक्ष रानात जाऊन खात्री करायची, ही त्यांची पद्धत. या चित्रांत वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसत गेली. उद्यानातले नैसर्गिक रान आक्रसत गेले आणि त्याच्या जागी तेलमाडाच्या बागा उभ्या राहिल्या. आज त्या उद्यानातील बहुतेक मूळ जंगल उरलेले नाही.

पण त्या बागांत माणसेही आहेत. हजारो कुटुंबे तेथे वस्ती करून राहिली. त्यांतील कित्येक जण दुसऱ्या प्रांतांतून पोटासाठी आलेले. मध्यस्थांना पैसे मोजून त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला. २०२५ साली सरकारने उद्यान परत ताब्यात घेण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा या कुटुंबांनी निदर्शने केली. हत्तीचे घर गेले हे खरे, आणि आता माणसाचे घर जाणार हेही खरे.

उपग्रहाला झाडाच्या पानांतला पाण्याचा अंश कळतो. चुलीवर काय शिजते आहे, हे त्याला कळत नाही. कर्जाचा कागद त्याला दिसत नाही, मुलाच्या शाळेची फी दिसत नाही. म्हणून केवळ वरून पाहणारा माणूस फार लवकर न्यायाधीश बनतो. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळा ऐकू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी पुनःपुन्हा बजावले ते याचसाठी. हत्तीसाठी रडणारा आणि घर गमावलेल्या बाईपुढे कोरडा राहणारा माणूस अर्धाच साक्षीदार आहे. तसेच, गरिबाचे नाव पुढे करून बड्या व्यापाऱ्यांची तोड झाकणारा माणूसही अर्धाच.

आणि त्या तेलमाडाचा माग आणखी पुढे काढला तर काय दिसते? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालासाठी कार्यकर्त्यांनी तेस्सो निलोमधून निघालेल्या फळांच्या ट्रकांचा थेट गिरण्यांपर्यंत पाठलाग केला होता. बेकायदा फळ तेथे इतर फळांत मिसळले की ते ओळखता येत नाही. तेलाची पुढची वाट जगाच्या बाजाराकडे जाते, आणि जगात पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश आपला भारत आहे. आपल्या बिस्किटांत, फरसाणात, साबणात, स्वस्त तेलाच्या पिशवीत ते आहे. कोणत्या पिशवीत कोणत्या रानाचे तेल आहे हे आपण सांगू शकत नाही. पण या व्यवहाराशी आपला संबंध नाही, असेही आपल्याला म्हणता येणार नाही.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला एक गोष्ट सांगितली होती (२ शमुवेल १२). श्रीमंताने गरिबाचे एकुलते एक कोकरू हिरावून नेले, हे ऐकून दावीद संतापला. त्या माणसाला जबर शिक्षा व्हावी, असे त्याने जाहीर केले. तेव्हा नाथान म्हणाला की, तो माणूस दुसरा कोणी नसून स्वतः राजाच आहे. दूरच्या अन्यायाकडे पाहताना आपल्यालाही असा एक नाथान भेटावा लागतो. ज्याला आपल्या हाताचा भाग दिसतो, त्याची साक्ष नम्र होते. तो तक्रार करतो, पण दगड उचलत नाही.

मग साक्षीदाराने शेवटी करायचे काय? याचे उत्तर निर्गमाच्या पुस्तकात आहे (निर्गम ३:७-८). जळत्या झुडपातून परमेश्वर मोशेशी बोलला, तेव्हा त्याने आपल्या लोकांचे हाल पाहिल्याचे सांगितले, त्यांचा आक्रोश ऐकल्याचे सांगितले, आणि आपण त्यांना सोडवायला खाली उतरलो आहोत असे सांगितले. पाहणे, ऐकणे आणि खाली उतरणे. वरून पाहणे ही देवाच्या कृतीची सुरुवात होती, शेवट नव्हता. आपल्या श्रद्धेचा गाभा तरी दुसरा काय आहे? देव वरून पाहतच राहिला नाही. तो देह धारण करून आपल्यात आला.

पेरू देशातील लोरेतो प्रांतात या उतरण्याचे एक सुंदर उदाहरण घडले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ७६ आदिवासी गावे एका अभ्यासासाठी निवडण्यात आली. त्यांतील ३६ गावांना जंगलतोडीच्या उपग्रह-सूचना पुरवण्यात आल्या. बऱ्याच गावांत इंटरनेट पोहोचत नव्हते, म्हणून माणसे नदीमार्गे प्रवास करून ही माहिती नेऊन देत. गावाने निवडलेली माणसे त्या जागी जाऊन पाहत, परत येऊन गावसभेपुढे सांगत, आणि काय करायचे ते गाव ठरवी. या कामासाठी त्यांना मोबदलाही मिळे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या वर्षी या गावांतील जंगलतोड इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होती. दुसऱ्या वर्षी हा फरक २१ टक्क्यांवर आला. म्हणजे ही काही जादू नव्हती. पण आकाशातले चित्र होडीत बसून गावात आले आणि ज्यांचे रान त्यांच्याच हाती पोहोचले, तेव्हा त्याचा उपयोग झाला.

साक्ष देणाऱ्याला कधी कधी त्याची किंमत मोजावी लागते, हेही सांगितले पाहिजे. ब्राझीलच्या राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्थेचे प्रमुख रिकार्दो गाल्व्हाँ यांनी २०१९ साली जंगलतोड वाढल्याचे आपल्या संस्थेचे आकडे खरे असल्याचे ठामपणे सांगितले. राष्ट्राध्यक्षांना ते रुचले नाही आणि गाल्व्हाँ यांना पद गमवावे लागले. त्याच ब्राझीलमध्ये, आनापू येथे, सिस्टर डोरोथी स्टँग यांनी गरीब शेतकऱ्यांच्या आणि त्यांच्या रानाच्या बाजूने अनेक वर्षे काम केले. १२ फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांच्या हाती त्या वेळी बायबल होते. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला आपण मराठीत रक्तसाक्षी म्हणतो. ग्रीक भाषेत त्यासाठी जो शब्द होता, त्याचाही मूळ अर्थ साक्षीदार असाच आहे. वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियांना मानणाऱ्या आपल्याला हा शब्द नवा नाही. मात्र सिस्टर डोरोथी यांनी रान आणि गरीब यांच्यात निवड केली नाही, हे आपण विसरू नये. त्या दोघांच्याही बाजूने उभ्या राहिल्या.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी फार थोड्यांकडून एवढी किंमत मागितली जाईल. पण प्रत्येकाला एक चौकोन मात्र दिलेला आहे. आपल्या किनाऱ्यावर खारफुटी आहे, खाजणे आहेत, पाणथळ जागा आहेत. त्यांत कोल्हे आहेत, बगळे आहेत, माशांची पिले वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली. वन विभागाचा कांदळवन कक्षही आहे. जुनी आणि नवी उपग्रहचित्रे शेजारी ठेवून पाहण्याची सोय आज साध्या संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी लढले, तेव्हा त्यांच्या हाती यांतले फारसे काही नव्हते. त्यांच्यापाशी डोळे होते आणि जे पाहिले ते बोलण्याची तयारी होती.

आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी वर्षातून दोनदा आपल्या परिसराची चित्रे ताडून पाहिली, बदल दिसला तिथे दोघा-तिघांनी मिळून जाऊन खात्री केली, तेथे राहणाऱ्या माणसांशी आधी बोलले, आणि मगच गरज असेल तर लेखी तक्रार दिली, तर ते काम मोठेच होईल. हा क्रम महत्त्वाचा आहे. भरावाच्या कडेला झोपडी बांधून राहणारे कुटुंब आणि रात्रीतून भराव टाकणारा कंत्राटदार यांतला फरक चित्रात दिसत नाही. तो जाऊनच समजून घ्यावा लागतो.

पुढच्या रविवारी पापांच्या कबुलीत त्या शेवटच्या शब्दांपाशी आपण पोहोचू, तेव्हा क्षणभर थांबू या. आपण काय पाहिले होते, आणि पाहूनही कोणाला सांगितले नाही, हे आठवू या. परमेश्वर आपल्याला स्वच्छ दृष्टी देवो, खरे बोलणारी जीभ देवो, आणि जे पाहिले तिथपर्यंत चालत जाण्याचे बळ देवो.